गाव तीन दिवसांत परत मिळालं, सरकार यायला मात्र वर्षं गेली

कोलंबियाच्या आग्नेय टोकाला, ब्राझीलच्या सीमेकडच्या जंगलात मितू नावाचं गाव आहे. कागदोपत्री ते व्हाउपेस या प्रांताची राजधानी, पण देशाच्या बाकी भागातून तिथे जाणारा रस्ता नाही. जायचं तर विमानाने, नाहीतर नदीने. १ नोव्हेंबर १९९८ रोजी, रविवारी पहाटे, फार्क या बंडखोर संघटनेची माणसं या गावावर चालून आली. दीड हजाराच्या आसपास असतील. गावात पोलीस होते सव्वाशेच्या आतबाहेर. त्यातली काही तर नुकती शाळा संपवून सक्तीची सेवा भरायला आलेली पोरं होती.

बंडखोरांकडे तोफा नव्हत्या, गॅस सिलिंडर होते. आपल्या ओट्याखाली असतो तसाच सिलिंडर. त्यात स्फोटकं आणि लोखंडाचे तुकडे ठासायचे, जाड नळकांड्यात बसवायचा आणि खालून बार उडवून फेकायचा. त्याला नेम असा नसतोच. ठाण्यावर मारलेला शेजारच्या घरावर जाऊन पडतो. पोलीस कित्येक तास लढले. दारूगोळा संपला, ठाण्याचा ढिगारा झाला आणि ६१ जणांना बंडखोर पकडून जंगलात घेऊन गेले. प्रांताचे पोलीसप्रमुख लुईस मेंदिएता त्यांच्यातच होते.

आता सैन्याने मदतीला धावायचं, पण धावायचं कसं? गावची धावपट्टी बंडखोरांच्या ताब्यात. जवळात जवळचा मोठा तळ सान होसे देल ग्वाविआरेला, आणि तिथून निघालेलं हेलिकॉप्टर एका टाकीत मितूला जाऊन परत येऊ शकत नव्हतं. शेवटी केरारी इथल्या धावपट्टीचा आधार घेतला. ती होती ब्राझीलच्या हद्दीत. ब्राझीलने निषेध नोंदवला. ४ नोव्हेंबरला गाव पुन्हा सरकारच्या हाती आलं. आपल्याच प्रांताच्या राजधानीत शिरायला ज्या सरकारला शेजाऱ्याच्या अंगणातून जावं लागतं, त्याची अवस्था वेगळी सांगायला नको.

बंडखोरांकडून मार खाल्लेलं सरकार पुन्हा उभं कसं राहतं, हे समजून घ्यायला मला कोलंबियाची गोष्ट सगळ्यात उपयोगी वाटते. गाव परत घेणं आणि गावात टिकणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे तिथे नीट दिसतं. पहिल्याला तीन दिवस लागले. दुसऱ्याला जे लागलं त्यात पैसा आहे, हेलिकॉप्टर आहेत, कर आहे, रस्त्याकडेला उभे असलेले सैनिक आहेत, आणि एक फार घाणेरडं प्रकरणही आहे.

आधी, हरले का?

फार्क १९६४ सालची. जमिनीचा प्रश्न, भूमिहीन शेतकरी, साम्यवादी विचार आणि मानुएल मारुलांदा नावाचा शेतकरी कुटुंबातला म्होरक्या, अशी सुरुवात. पहिली पंधरा-वीस वर्षं ही मंडळी देशाच्या कानाकोपऱ्यात होती, राजधानी बोगोतातल्या लोकांना त्यांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. मग कोकाची, म्हणजे ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं त्या झुडपाची, शेती पसरली. फार्कने आधी तिच्यावर कर बसवला, पुढे व्यापारातच हात घातला. पैसा आला तशी माणसं आणि बंदुका आल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटाला त्यांच्याकडे पंधरा हजारांहून जास्त सशस्त्र माणसं होती.

मितू हा पहिला फटका नव्हता. ऑगस्ट १९९६ मध्ये लास देलिसियास या नदीकाठच्या छावणीवर हल्ला झाला, ६० सैनिक पकडले गेले. डिसेंबर १९९७ मध्ये पातास्कोय डोंगरावरचं संदेशवहनाचं ठाणं गेलं. मार्च १९९८ मध्ये एल बियार इथे साठाहून अधिक सैनिक मारले गेले. हा शेवटचा घाव जिव्हारी लागला, कारण तिथे अडकलेली बटालियन छावणीत बसून पहारा देणाऱ्यांची नव्हती. ती बंडखोरांची शिकार करायलाच उभारलेल्या फिरत्या ब्रिगेडची होती. त्याच वर्षी अमेरिकी लष्करी गुप्तचरांचा एक अंदाज वर्तमानपत्रात फुटला: असंच चाललं तर पाच वर्षांत हे सैन्य हरू शकतं.

यातलं गणित सोपं आहे. सरकारचं सैन्य एकूण आकड्यात बंडखोरांच्या कितीतरी पट होतं, पण ते पन्नास, शंभर, सव्वाशे अशा मुठींमध्ये देशभर विखुरलेलं होतं. प्रत्येक धरण, पूल, तेलाची पाइपलाइन, तालुक्याचं ठाणं सांभाळायचं, तर दुसरं होणार काय? बंडखोरांना मात्र काहीच सांभाळायचं नसतं. ते चार मुलखांतून चारशे-पाचशे माणसं गोळा करतात, एका रात्रीपुरते त्या एका जागी सरकारपेक्षा बलवान होतात आणि मदत यायच्या आत पांगतात. म्हणजे खरा सामना माणसांच्या संख्येचा नव्हताच. मदत पोचायला लागणारे तास हाच खरा आकडा.

शिवाय लढायला उपलब्ध माणसं कागदावरच्यापेक्षा कमी. मॅट्रिक झालेल्या मुलांना कायद्यानेच प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवलं होतं, त्यामुळे गणवेशातले हजारो तरुण कार्यालयं आणि फाटकं राखत बसायचे. लढायला जायची ती न शिकलेली, बहुतेक खेड्यातली गरीब मुलं, तीही सक्तीच्या भरतीतली. जंगलात चालायला शिकेपर्यंत त्यांची मुदत संपून ती घरी जायची. आणि आसपासच्या वस्त्यांना हल्ल्याची चाहूल अनेकदा लागलेली असायची, पण सांगायला कोण जाणार? सांगणाऱ्याला वाचवायला दुसऱ्या दिवशी तिथे सरकार नसे, बंडखोर असत.

मार खाल्ल्यावर पहिलं पाऊल: माघार

मितू परत मिळाल्यावर तीनच दिवसांनी, ७ नोव्हेंबर १९९८ ला, सरकारने पाच तालुक्यांतून आपलं सैन्य काढून घेतलं. सुमारे ४२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षाही मोठा मुलूख. राष्ट्राध्यक्ष आंद्रेस पास्त्राना ऑगस्टमध्येच पदावर आले होते. शांततेच्या बोलण्यांसाठी हा सान व्हिसेंते देल कागुआनचा परिसर फार्कला मोकळा सोडायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. ७ जानेवारी १९९९ ला बोलण्यांचं उद्घाटन झालं. मंचावर पास्त्राना बसले, शेजारी मारुलांदासाठी ठेवलेली पांढरी प्लास्टिकची खुर्ची रिकामीच राहिली. तो आलाच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये असते तसली ती खुर्ची. कोलंबियात आजही तिचं नाव काढलं की माणसं कपाळाला हात लावतात.

पास्त्रानांना भोळे म्हणायची तिथे पद्धत आहे. मला ते तितकंसं पटत नाही. पराभवानंतर सरकारला सगळ्यात जास्त गरज असते ती वेळेची, आणि बोलणी चालू असताना वेळ मिळतो. अर्थात तो दोन्ही बाजूंना मिळतो. फार्कने कागुआनमध्ये ओलीस लपवले, कोकाचा धंदा वाढवला, नवी भरती केली. सरकारने त्याच काळात सैन्य सुधारलं. सव्वातीन वर्षांनी, २० फेब्रुवारी २००२ ला, एका सिनेटरला नेण्यासाठी विमानाचं अपहरण झालं आणि पास्त्रानांनी बोलणी मोडली. तोपर्यंत कुणी वेळ जास्त चांगला वापरला ते स्पष्ट झालं होतं.

सैन्याची डागडुजी

पदावर येताच पास्त्रानांनी वरचे सेनाधिकारी बदलले. फर्नांदो तापियास सर्व दलांचे प्रमुख, होर्हे एनरिके मोरा भूदलाचे. ही जोडी त्यांनी चार वर्षं हलवली नाही. यात काय मोठं, असं वाटेल. याच्या उलट काय होतं ते इथिओपियात दिसलं. १९८८ मध्ये एरिट्रियातल्या बंडखोरांविरुद्धच्या आघाडीवर पीछेहाट सुरू होती, तेव्हा इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्तूने तिथल्या सेनापतीलाच गोळ्या घालायला लावल्या. काही आठवड्यांत आफाबेत इथे त्याच फौजेचा धुव्वा उडाला. पुढच्या वर्षी सेनापतींनी उठाव केला, तो फसला, आणखी सेनापती मारले गेले, आणि १९९१ मध्ये राजवटच कोसळली. ज्या सैन्यात वाईट बातमी वर पाठवणाऱ्याची मान उडते तिथे वाईट बातमी वर जायची थांबते, इतकंच.

कोलंबियात दुसरा बदल सैनिकांचा. सक्तीच्या भरतीवर भागवण्याऐवजी पगारी, अनेक वर्षं नोकरी करणारे सैनिक वाढवत नेले. मॅट्रिक मुलांच्या जागी ते आले. पगार द्यायचा तर तो घेणारा माणूस खरोखर असावा लागतो, हेही इथे ओघाने आलं. इराकमध्ये २०१४ ला मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडल्यानंतर पंतप्रधान हैदर अल-अबादींनी तपास करायला लावला, तेव्हा पगारपत्रकावर तब्बल ५०,००० ‘भूत’ सैनिक सापडले. नावं होती, माणसं नव्हती, पगार अधिकारी खात होते. आपल्याकडे हजेरीपटावरच्या खोट्या मजुरांच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा प्रकार लगेच समजेल. फरक इतकाच की तिथे हजेरीपटाच्या भरवशावर शहर राखायचं होतं.

तिसरा बदल हेलिकॉप्टरांचा. २००० मध्ये अमेरिकेने ‘प्लॅन कोलंबिया’साठी १.३ अब्ज डॉलरचं पॅकेज मंजूर केलं. त्यातून ब्लॅक हॉक आणि ह्यूई हेलिकॉप्टरं आली. मदत पोचायला लागणारे तास कमी झाले, म्हणजे मितूच्या गणितातली मुख्य संख्याच बदलली. पण या देणगीला एक विचित्र अट होती. ही मदत अमली पदार्थांविरुद्धच्या कारवाईसाठी होती, बंडखोरांशी लढायला नव्हे. कोकाच्या शेतावर फवारणी करणाऱ्या विमानाला संरक्षण द्यायचं तर हेलिकॉप्टर उडेल. शेजारच्या ठाण्यावर फार्कचा हल्ला झाला तर तेच हेलिकॉप्टर जमिनीवर. कोकाची राखण फार्कच करत होती, त्यामुळे ही रेघ जंगलात कुणाला दिसत नव्हती, फक्त वॉशिंग्टनच्या कागदावर दिसत होती. २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती पुसली. आणि एक गोष्ट नेहमी निसटते: या सगळ्या वर्षांत खर्चाचा मोठा वाटा कोलंबियाने स्वतःच उचलला.

रात्रीचाही प्रश्न होता. फार्कचे हल्ले अंधारात सुरू व्हायचे, कारण विमानं अंधारात निरुपयोगी होती. मग एक जुनं खोड कामाला लावलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली डाकोटा विमानं, त्यांना अंधारात उष्णता टिपणारे कॅमेरे आणि बाजूने मारा करणाऱ्या मशीनगन. सैनिक त्याला ‘फांतास्मा’ म्हणजे भूत म्हणत. (कोलंबियाचं भूत इराकच्या भुतांपेक्षा कामाचं निघालं.) जुलै १९९९ मध्ये पुएर्तो येरास गावच्या ठाण्याला फार्कने वेढा घातला, तेव्हा वरून आलेल्या या माऱ्यामुळे ठाणं टिकलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कुठेही झटपट नेता येईल अशी खास फौज उभी राहिली. पुढच्या वर्षाच्या शेवटी कागुआनमधून उत्तरेकडे निघालेली फार्कची एक मोठी तुकडी सैन्याने बेर्लिन नावाच्या थंडगार पठारावर गाठून मोडली. लष्कराने तो मोठा विजय म्हणून साजरा केला. मात्र त्या तुकडीत फार्कने भरती केलेली अल्पवयीन मुलं मोठ्या संख्येने होती, हेही नंतर लपलं नाही.

यानंतर हजार माणसं एकत्र करून गाव घेणं फार्कला परवडेनासं झालं. जमाव दिसला की वरून आग यायची.

लढाई सुधारली, भीती वाढली

इथे एक गोष्ट उलटी झाली आणि ती मला या सगळ्या कहाणीतली महत्त्वाची वाटते. सैन्य सावरत होतं त्याच वर्षांत सामान्य माणसाचं जगणं सगळ्यात वाईट झालं. मोठे हल्ले जमेनात तेव्हा फार्क पुन्हा छोट्या टोळ्या, सुरुंग, खंडणी आणि अपहरणाकडे वळली. २००० साली देशात साडेतीन हजारांच्या आसपास अपहरणं झाली, त्यात फार्कबरोबर ईएलएन ही दुसरी बंडखोर संघटना आणि साधे गुन्हेगारही होते. हमरस्त्यावर नाका लावायचा, गाड्या थांबवायच्या, कोण श्रीमंत आहे ते तपासायचं आणि त्याला डोंगरात न्यायचं. लोकांनी या प्रकाराला बायबलमधल्या कथेवरून नाव दिलं होतं, ‘चमत्कारी मासेमारी’. नियमित खंडणीला ‘लस’ म्हणत: टोचून घ्या, म्हणजे रोग होणार नाही.

२००० मध्येच फार्कने आपला ‘कायदा ००२’ जाहीर केला. ज्यांची संपत्ती दहा लाख डॉलरहून जास्त आहे त्यांनी फार्कला कर द्यावा, नाही दिला तर उचलून नेऊ. दोन वर्षांनी, ७ ऑगस्ट २००२ ला, आल्वारो उरिबे राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेत असताना बोगोतात राष्ट्राध्यक्ष भवनाच्या परिसरात तोफगोळे पडले आणि आसपासच्या गरीब वस्तीतली माणसं मेली. काही दिवसांत उरिबेंनी आणीबाणीच्या अधिकारात श्रीमंतांच्या निव्वळ संपत्तीवर एकदाच घ्यायचा १.२ टक्के कर लावला, सुरक्षेसाठी. आता हे दोन कर शेजारी ठेवून बघा. एकाच दारावर दोन वसुलीदार, पावती कुणाची घ्यायची एवढाच प्रश्न. सरकार सावरतंय की नाही, हे मला त्या काळच्या लढायांपेक्षा या कराच्या वसुलीत जास्त दिसतं. श्रीमंतांनी तो भरला. तोवर त्यांच्यातले पुष्कळ जण फार्कला ‘लस’चे पैसे देत होते, नाहीतर खासगी सशस्त्र टोळ्या पोसत होते.

मग पोलीस. २००२ मध्ये देशातल्या अकराशेच्या घरातल्या तालुक्यांपैकी दीडशेहून अधिक ठिकाणी एकही पोलीस नव्हता. ठाणी उडवली गेली होती, माणसं काढून घेतली होती, काही ठिकाणचे महापौर दुसऱ्या शहरात बसून कारभार हाकत होते. २००४ सुरू होता होता प्रत्येक तालुक्यात पोलीस परतले. ठाणं रिकाम्या जागी उभारायचं तर आधी सैन्य, मग वाळूच्या पोत्यांचं ठाणं, मग न्यायाधीश आणि सरकारी वकील, असा क्रम. सगळीकडे तो पूर्ण झाला असं नाही. कित्येक गावांना सैनिकापुढचं सरकार कधी दिसलंच नाही.

यातली साधी पण हुशार कल्पना म्हणजे ‘माझ्या गावचे सैनिक’. सक्तीच्या सेवेत आलेल्या मुलाला देशाच्या दुसऱ्या टोकाला न पाठवता त्याच्याच गावात, त्याच्याच आईच्या घराजवळ नेमायचं. त्याला गावातला नवखा चेहरा लगेच कळतो आणि गावकरीही त्याला बाजारात हळूच चार शब्द सांगतात. त्यात धोकाही होता. बंडखोरांना त्याचं घर माहीत असे.

आणि रस्ते. २००२ च्या शेवटापासून सुट्ट्यांच्या दिवसांत सरकार वाहनांचे ताफे काढू लागलं: अमुक दिवशी, अमुक वाजता या रस्त्यावर सैन्य असेल, गाड्या काढा, आजीला भेटून या. हमरस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर सैनिक उभे, आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ते अंगठा वर करून दाखवत. ‘सगळं ठीक आहे’ अशी खूण. गाडीतली मुलंही उलट अंगठा दाखवायची. कित्येक वर्षांत शहराबाहेर न पडलेल्या मध्यमवर्गाने सरकार परत आलं असं मानलं, ते या अंगठ्यावरून.

२०१० पर्यंत वर्षाला होणारी अपहरणं तीनशेच्या खाली आली.

जंगलातला भाग, आणि मोजदाद

शहरं आणि रस्ते सावरल्यावर सैन्य दक्षिणेच्या जंगलात, फार्कच्या जुन्या मुलखात शिरलं. हजारो सैनिक महिनोन्‌महिने आत राहिले. तिथे गोळीपेक्षा सुरुंगाने आणि वाळूमाशीने जास्त छळलं. वाळूमाशी चावली की लेशमॅनियासिस होतो, म्हणजे आपल्याकडच्या काळा आजाराचा त्वचेवरचा भाऊ; न भरणाऱ्या जखमा. त्या काळात सैन्यात याची अक्षरशः साथ आली होती.

दुसरीकडे बंदूक टाकणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं. शिक्षा नाही, निर्वाहभत्ता, शिक्षण, नवी ओळख. रेडिओवर सतत जाहिराती. २०१० च्या नाताळात सैनिकांनी बंडखोरांच्या वाटांवरच्या उंच झाडांवर दिवे चढवले. अंधारात कुणी जवळून गेलं की झाड उजळायचं आणि फलक दिसायचा, त्यावर आशय असा की नाताळ जंगलात येऊ शकतो तर तुम्हीही घरी येऊ शकता. जाहिरात कंपनीची कल्पना. ऐकायला हळवी वाटते, पण वीस वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षं न पाहिलेली आई यांचा हिशोब तिने अचूक केला होता.

आता ते घाणेरडं प्रकरण. जिंकतोय हे दाखवायचं कसं? सैन्याने सोपं माप निवडलं: मारलेल्या बंडखोरांची संख्या. जास्त आकडा आणणाऱ्याला रजा, शाबासकी, बढती. मग आकडे येऊ लागले. बोगोताला लागून असलेल्या सोआचा या गरीब शहरातून तरुण मुलं नोकरीच्या आमिषाने गायब होत होती. २००८ मध्ये त्यांची प्रेतं शेकडो किलोमीटर दूर ओकान्याजवळ सापडली, ‘चकमकीत मारलेले बंडखोर’ म्हणून नोंदवलेली. त्यातल्या एकाला जन्मापासून समज कमी होती आणि त्याचा उजवा हात निकामी होता. प्रेताच्या फोटोत पिस्तूल उजव्या हातात दिसत होतं. त्याच्या आईने तेवढंच धरून ठेवलं आणि सगळ्यांना सांगत राहिली.

ऑक्टोबर २००८ मध्ये २७ अधिकारी बडतर्फ झाले, त्यात तीन जनरल. आठवडाभरात भूदलप्रमुखांनी राजीनामा दिला. पुढे शांतता करारातून उभ्या राहिलेल्या विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये आकडा दिला: २००२ ते २००८ या काळात असे ६,४०२ निरपराध मारले गेले. यात उजव्या विचारसरणीच्या खासगी सशस्त्र टोळ्यांनी केलेली हत्याकांडं धरलेली नाहीत. मापिरिपान, एल सालादो ही गावं त्यांनी रक्ताने माखली आणि काही सेनाधिकाऱ्यांचा त्यांना हात होता, हे न्यायालयांत सिद्ध झालं आहे. सरकार सावरलं असं लिहिताना हा हिशोब तळटीपेत ढकलता येत नाही. ठाणी, रस्ते, अपहरणं मोजणाऱ्या सरकारनेच प्रेतंही मोजली, त्याच वर्षांत.

शेवटचा टप्पा भराभर झाला. मार्च २००८ मध्ये फार्कचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता राउल रेयेस इक्वाडोरच्या हद्दीत बॉम्बहल्ल्यात मारला गेला. पुन्हा एकदा शेजाऱ्याचं अंगण, पुन्हा निषेध, या वेळी संबंध तुटेपर्यंत. त्याच महिन्यात मारुलांदा जंगलात हृदयविकाराने गेला. जुलैमध्ये सैन्याने मदतसंस्थेचं सोंग घेऊन, पांढऱ्या हेलिकॉप्टरमधून, एकही गोळी न झाडता राष्ट्राध्यक्षपदाच्या माजी उमेदवार इंग्रिद बेतांकूर यांच्यासह १५ ओलीस सोडवले. फार्कची माणसं हजारांनी कमी होत गेली. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस यांच्या सरकारने हवानात बोलणी सुरू केली. या वेळी रिकाम्या खुर्च्या नव्हत्या.

मितूचे पोलीस मात्र या सगळ्या काळात जंगलातच होते. काहींची सुटका २००१ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत झाली, बाकीचे राहिले. गळ्यात साखळी, पायपीट, आणि रविवारी पहाटे रेडिओवर ओलिसांच्या घरच्यांचे निरोप ऐकवणारा एक कार्यक्रम. बायको सांगायची, मुलगी तिसरीत गेली. पुढच्या वर्षी, चौथीत. जॉन फ्रँक पिंचाओ हा त्यांच्यातला एक पोलीस एप्रिल २००७ मध्ये साखळी तोडून निसटला आणि १७ दिवस जंगलात भटकत पोलिसांच्या एका तुकडीपर्यंत पोचला. पोलीसप्रमुख मेंदिएता जून २०१० मध्ये सुटले, अकरा वर्षं सात महिन्यांनी. फार्कने शेवटचे दहा पोलीस आणि सैनिक सोडले ते २ एप्रिल २०१२ ला. त्यांच्यातही मितूहून नेलेला माणूस होता. तीन दिवसांत परत मिळवलेल्या गावाचा माणूस साडेतेरा वर्षांनी परत येत होता.

२ ऑक्टोबर २०१६ ला फार्कबरोबरच्या शांतता करारावर सार्वमत झालं. ‘नको’ म्हणणारे ५०.२ टक्के निघाले, फरक ५४ हजार मतांहूनही कमी. उरिबे ‘नको’च्या बाजूने प्रचार करत होते. सरकारने करारात बदल करून नोव्हेंबरमध्ये तो संसदेतून मंजूर करून घेतला आणि पुढच्या वर्षी फार्कच्या सुमारे सात हजार लोकांनी शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या पेट्यांत टाकली. त्या मतदानाचा नकाशा मी अधूनमधून उघडून बघतो. देशाच्या मध्यभागी ‘नको’, कडांना ‘हो’. व्हाउपेस प्रांत, जिथे सिलिंडर पडले होते, ‘हो’च्या रंगात आहे, आणि फार मोठ्या फरकाने.